मुकं सप्तक

डक्टमधली पाइपलाइन गळत होती म्हणून प्लंबर इमारतीच्या मागे गेला. लोखंडी जाळीचं दार ओढून तो आत वाकला आणि तसाच उलट्या पावली बाहेर आला. त्याचा पाना आतच पडून राहिला.

सहायक पोलीस निरीक्षक उत्कर्षा भोंडवे ताथवड्यातल्या त्या आठ मजली इमारतीशी पोचली, तेव्हा दिवस कलला होता. समोरच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं फाटकाशी घोळक्याने उभी होती. हवालदार ज्योतीराम त्यांना मागे रेटत होता.

डक्टच्या तळाशी दीक्षा ओव्हाळ पडली होती. पाचव्या मजल्यावर राहणारी, पंचविशीतली मुलगी. गच्चीच्या कठड्याशी तिची एक चप्पल सापडली, दुसरी पायातच होती. अंगावर मोबाइल नव्हता. घराची किल्लीही नव्हती.

"काम करायची ती माझ्याकडे," शेखर म्हणाला. ही जमीन मुळात त्याच्या घराण्याची. इमारत उभी राहिली तेव्हा बिल्डरकडून त्यांना चार फ्लॅट आणि तळमजल्यावरचे गाळे मिळाले. त्यातल्या एका गाळ्यात त्याचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. देवळातल्या उत्सव समितीच्या बैठकीवरून तो धावत आला होता. कपाळावरचा गुलाल अजून तसाच होता. "रडायला पण कुणी नाही राव हिच्या घरात. आई तर केव्हाच गेली. भीमराजकाकांना कंपनीत फोन लावा रे कुणीतरी. चाकणला गाडी पाठवतो मी."

"शेठ, काका वरच आहेत," वॉचमन म्हणाला. "झोपलेत."

शेखरने मान डोलावली आणि रुमालाने चेहरा पुसला.

उत्कर्षा पाचव्या मजल्यावर गेली. बेल दाबली. आत बेल वाजल्याचं बाहेर स्वच्छ ऐकू आलं, पण दार उघडलं नाही. ज्योतीरामने दारावर थापा मारल्या. मग बुक्क्या मारल्या.

समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. साठी ओलांडलेल्या शालनबाई, शेखरची चुलती, डोळे पुसत उंबऱ्यात आल्या.

"त्यो न्हाई उठायचा बाई असा. रातपाळीचा माणूस. फोन उशाखाली थरथरला की मगच उठतोय."

अखेर दार उघडलं, ते थापांमुळे नव्हे. भीमराज ओव्हाळ डबा भरायला उठले होते आणि लेक कुठे दिसेना म्हणून बाहेर डोकावत होते. बनियन, विस्कटलेले पांढरे केस. खाकी वर्दी पाहून ते थबकले.

"दीक्षा कुठंय?" त्यांनी विचारलं. आवाज एवढा मोठा की दोन मजले खाली ऐकू गेला.

त्या प्रश्नाला उत्तर देण्याचं काम उत्कर्षाच्या वाट्याला आलं.

---

घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून काळा डिजिटल पियानो, त्यावर दीक्षाचा मोबाइल. शेजारी एका बशीत सात-आठ स्क्रू. पियानोच्या कडेच्या खिळ्याला हेडफोन टांगलेले, त्यांची पिन सुटी लोंबत होती. आतल्या खोलीत भीमराजांची कॉट. पियानो आणि उशी यांच्यामध्ये एक भिंत.

दाराला आपोआप बंद होणारं लॅच होतं. दारामागच्या हुकाला किल्ली अडकवलेली होती, दीक्षाची.

उत्कर्षाने किल्लीकडे जरा वेळ पाहिलं आणि बोटांचे ठसे घेणाऱ्याला म्हणाली, "किल्ली, मोबाइल, पियानोची बटणं, ती पिन. सगळ्याचे घे. एकही सोडू नकोस."

शालनबाईंचा जबाब तिने त्यांच्याच घरात घेतला.

"दीक्षाला शेवटचं कधी पाहिलंत?"

"जेवणाच्या टायमाला बाहेरनं आली. जिन्यात हासली. मावशी, जेवलात का म्हणली."

"नंतर?"

"नंतर पाहिली न्हाई, पन ऐकली की. साडेतीनला जरा कमी असतील, तवापास्नं पेटी वाजवत व्हती. चार वाजले तरी वाजवत व्हती. पाचाच्या आसपास थांबली."

"रोज वाजवायची?"

"रोज वाजवायची म्हनं, पन कानाला लावून. बाहेर आवाज न्हाई. बाप झोपलेला असतोय ना. कवा दुपारी निजणार, कवा सकाळी, पाळीवर हाय सगळं. आज पयल्यांदा मोकळं वाजवलं पोरीनं. इतकं ग्वाड, मी फोनवर टिपून देहूला लेकीला धाडलं बी." त्यांनी पदराने डोळे टिपले. "मनात म्हणलं, आज पोरगी खुशीत दिसतीया."

"बाप-लेकीचं पटायचं?"

शालनबाई घुटमळल्या. "वराडायचा त्यो. सारखा. जेवायला वाढ म्हनलं तरी भांडन वाटायचं. पन मारल्याचं न्हाई ऐकलं कवा. खोटं कशाला बोलू."

डॉक्टरांनी मृत्यूची वेळ दुपारी दोन ते सहाच्या दरम्यानची सांगितली. ती आणखी आवळायला उत्कर्षाजवळ एकच गोष्ट होती, त्या पियानोचे सूर. पाचपर्यंत पियानो वाजत होता, म्हणजे पाचपर्यंत मुलगी जिवंत होती. आणि त्या वेळी घरात एकच माणूस होता.

---

चौकीत भीमराज समोर बसले. दोन्ही तळवे मांडीवर. कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर तीस वर्षं काढलेल्या माणसाचे हात. उजव्या हाताच्या करंगळीचं टोक नव्हतं. प्रश्न विचारायला सुरुवात झाली की त्यांची नजर उत्कर्षाच्या तोंडावर खिळायची आणि हलायची नाही. तिला ती नजर निर्ढावलेली वाटली.

"दुपारी कुठे होतात?"

"घरी. झोपलेलो. तिसरी पाळी हाय माझी."

"पियानो कधी सुरू झाला?"

"पियानो न्हाई वाजला."

"सगळ्या मजल्याने ऐकला, काका."

"मी न्हाई ऐकला."

"तुमच्या उशाशी भिंत. भिंतीपलीकडे पियानो. दीड तास."

"असंल. मी झोपलेलो."

उत्कर्षा उठली. त्यांच्या पाठीमागे माठ होता. पाणी ओतता ओतता तिने विचारलं, "तिचं कुणाशी वाकडं होतं का?"

उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. भीमराज समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. ती पेला घेऊन समोर येऊन बसली आणि चढ्या सुरात म्हणाली, "उत्तर द्यायचं नाही का? कुणाशी वाकडं होतं तिचं?"

"शेखरशेठशी," ते लगेच म्हणाले. "तिनं वर्षभर आवाज गोळा केले. पुण्यात कुठं तरी जुना मोठा पियानो हाय, त्याची एकेक पट्टी वाजवून माइकात भरली. हळू, जोरात, अजून जोरात. त्यातनं असल्या पेट्यांचा आवाज बनतो म्हने. शेठनं ते कंपनीला आपल्या नावावर द्यायचं ठरवलं. ती म्हनली, मी कंपनीलाच कळवते. शेठला विचारा तुमी."

शेखरला विचारलं. तो साडेतीनला देवळात आला होता आणि प्लंबरची बोंब उठेपर्यंत तिथेच होता. पन्नास माणसांनी पाहिलं होतं. बैठकीचे व्हिडिओ समितीच्या ग्रुपवर होते. साडेतीनच्या आधी तो स्टुडिओत एकटा होता, पण त्याने काही बिघडत नव्हतं. मुलगी तर पाचपर्यंत पियानो वाजवत होती.

वरिष्ठ निरीक्षकांनी फाइल मिटली.

"भोंडवे, बाप खोटं बोलतोय. दीड तास डोक्याशी पियानो वाजला आणि ह्याला ऐकू आला नाही? शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का?"

"सर, खोटंच बोलायचं तर 'वाजत होता, मी पडून राहिलो' म्हणाला असता. ते सोपं होतं."

"प्रत्येक गुन्हेगार हुशार असता तर आपल्याला पगार कशाला दिला असता सरकारने? उद्या कोर्टात उभा करा."

तिने अटकेच्या कागदावर सही केली. दुसरं काही करायला तिच्या हातात काही नव्हतं.

---

अंत्यविधीला भीमराजांना बंदोबस्तात नेलं. त्यांच्या एका बाजूला ज्योतीराम, दुसऱ्या बाजूला उत्कर्षा. नातेवाईक लांब उभे होते. जवळ यावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं.

भंतेजींनी त्रिसरण सुरू केलं. जमलेले लोक त्यांच्यामागून एकसुरात म्हणू लागले. भीमराजही म्हणत होते, पण सगळ्यांच्या किंचित मागे राहून. त्यांचे डोळे भंतेजींच्या ओठांवर होते. जन्मभर पाठ असलेले शब्द, तरी ते प्रत्येक ओळ ओठांवरून उचलत होते.

मध्येच भंतेजींनी मान खाली घातली आणि म्हणणं चालू ठेवलं. लोक म्हणत राहिले. भीमराज थांबले. गोंधळून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. भंतेजींनी मान वर केली, तसं त्यांनी पुढची ओळ पकडली.

 माठाजवळून विचारलेला प्रश्न उत्कर्षाला आठवला. वाजणारी बेल, ज्योतीरामच्या बुक्क्या, उशाखाली थरथरणारा फोन, जेवायला वाढ म्हणतानाही चढलेला आवाज, सगळं एकदम आठवलं.

परतताना गाडीत ती मुद्दाम त्यांच्या मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

भीमराज खिडकीबाहेर बघत राहिले.

ज्योतीराम हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, बहिरा आहे म्हणून निर्दोष आहे असं थोडंच. आणि साहेबांना सांगितलंत तर म्हणतील, सोंग करतोय."

त्याचं खरं होतं. बहिरेपणाने एक खोटं निकालात निघालं होतं. पियानो तरीही पाचपर्यंत वाजलाच होता.

---

चौकीत पोचल्यावर मुद्देमालाच्या कपाटात फोन वाजायला लागला. प्लास्टिकच्या पिशवीत दीक्षाचा मोबाइल उजळला होता. उत्कर्षाने पिशवीवरूनच तो उचलला.

"दीक्षाताई, सिद्धेश बोलतोय, चिंचवडवरून. तुमचं रबर आलंय. येताय ना न्यायला? परत म्हणू नका, सिद्धेश नुसता वायदे करतो."

"कसलं रबर?"

 पलीकडून बिचकलेला आवाज आला. "कोण बोलतंय?"

सिद्धेश कीबोर्ड आणि पियानो विकायचा, दुरुस्त करायचा. लग्नाच्या सीझनला ऑर्केस्ट्रांना भाड्यानेही द्यायचा. उत्कर्षा त्याच्या दुकानात पोचली तेव्हाही बातमी त्याला कळलेली नव्हती. ती ऐकून तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ नुसता काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवत राहिला. मग त्याने खणातून बोटभर रुंदीची एक राखाडी रबराची फीत काढली. तिच्यावर ओळीने छोट्या छोट्या टोप्या होत्या. दोन टोप्या फाटलेल्या.

"हे तिच्या पियानोतलं. त्याच दिवशी दुपारी आणून दिलं, नमुना म्हणून. नवीन मागवायचं होतं. स्वतः खोलून काढलं होतं पोरीने, हात चांगला होता तिचा."

"हे करतं काय?"

"ताई, डिजिटल पियानोत तारा नसतात. पट्टीला हातोडी असते ती नुसती बोटाला वजन जाणवावं म्हणून. आवाज आधीच कुणीतरी खऱ्या पियानोवर वाजवून टिपलेला असतो, एकेका पट्टीचा, हळूपासून जोरापर्यंत. तो आत चिपमध्ये साठवलेला. आता ह्या टोप्या बघा. आत काळे ठिपके दिसतात? पट्टी दाबली की ते एकापाठोपाठ खाली टेकतात. पटकन टेकले तर चिप समजते बोट जोरात पडलं, मग जोरातला आवाज सोडते. सावकाश टेकले तर हळूचा. थोडक्यात, पट्टी म्हणजे दारावरची बेल. गाणारा आत बसलाय."

"आणि हे रबर काढून घेतलं तर?"

"बेलची वायरच तोडली की. किती पण दाबा. बारा पट्ट्यांना मिळून एक रबर असतं. हे मधल्या सप्तकाचं."

उत्कर्षाने स्वतःच्या मोबाइलवर शालनबाईंनी देहूला धाडलेला आवाज लावला. एक साधीशी चाल. वर चढायची, थबकायची, पुन्हा खाली उतरायची. मागे कुकरची शिट्टी.

सिद्धेशने डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडले आणि हातातल्या फाटक्या रबराकडे पाहिलं.

"हे कधीचं?"

"तुम्हाला रबर देऊन ती घरी गेली, त्यानंतरचं."

"असं कसं होईल? ही चाल सगळी मधल्या सप्तकात आहे."

---

दुसऱ्या दिवशी दुपारी ओव्हाळांच्या घराचं सील काढलं. वरिष्ठ निरीक्षक नाखुशीनेच आले होते. भीमराजांना घेऊन ज्योतीराम उभा होता. दारात शालनबाई होत्या. जागेचा मूळ मालक म्हणून शेखरलाही बोलावलं होतं. तो भिंतीला टेकून मोबाइल बघत होता.

उत्कर्षा अशी उभी राहिली की भीमराजांना तिचा चेहरा दिसावा.

"सिद्धेश, वाजवा."

त्याने डावीकडच्या पट्ट्या दाबल्या. खर्जाचे सूर घुमले. उजवीकडच्या दाबल्या, ते टणत्कारले. मग मधल्या बारा पट्ट्यांवरून एकेक बोट फिरवलं. लाकूड लाकडावर आपटल्याचा ठकठक आवाज आला, एवढंच.

"दीक्षाने त्या दिवशी पियानो खोलून ह्या पट्ट्यांचं रबर काढलं, दुकानात दिलं आणि घरी आली. बशीतले स्क्रू त्याचेच. म्हणजे त्या दुपारी ह्या पट्ट्या मुक्या होत्या. शालनमावशींनी टिपलेली चाल मात्र ह्याच पट्ट्यांतली आहे. मग ती वाजवली कुणी?"

उत्कर्षाने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कुणीच नाही. आता ते बटण दाबा."

सिद्धेशने पुढच्या पॅनेलवरचं बटण दाबलं. पियानोतून तीच चाल बाहेर आली. मधले सूर टपोरे, स्वच्छ. पट्ट्या जागच्या जागी स्थिर होत्या. एकही हलत नव्हती.

शालनबाईंनी तोंडाला पदर लावला.

"दीक्षा आपला सराव पियानोच्या मेमरीत भरून ठेवायची," उत्कर्षा म्हणाली. "रबर निघालं तरी चिप शाबूत. साठवलेलं गाणं वाजायला पट्टी लागत नाही. संपलं की पुन्हा पहिल्यापासून, असं लावता येतं. कुणीतरी ते लावलं आणि वेळ नेमून दिली. वेळ भरली, गाणं थांबलं. पुढे कुणी हात लावला नाही की ही पेटी आपोआप बंद होते. आपण आलो तेव्हा ती बंद होती. आपल्याला वाटलं, दीक्षाने केली."

"म्हणजे मुलगी आधीच गेलेली होती?" वरिष्ठांनी विचारलं.

"हो सर. साडेतीनच्या आधी. त्यानंतरचा आवाज फक्त मजल्याला ऐकवण्यासाठी होता. पण हेडफोनची पिन लावलेली असली की स्पीकर बंद राहतो. म्हणून पिन उपटली. दीक्षाने ती कधीच उपटली नव्हती. मावशी, तुम्ही इतकी वर्षं समोर राहता. त्या दुपारआधी हा पियानो कधी ऐकला होतात?"

"न्हाई," शालनबाई पुटपुटल्या. "कवाच न्हाई."

"वडील झोपलेत म्हणून. ज्याने पिन उपटली त्याला घर रिकामं वाटत होतं. ह्या इमारतीत भीमराजकाकांची कुठली पाळी चालू आहे हे वॉचमनलाही ठाऊक असतं. गेल्या आठवड्यात दुसरी होती, दुपारी जायचे, मध्यरात्री यायचे. सोमवारी पाळी बदलली, तिसरी लागली. एका माणसाला ते माहीत नव्हतं." ती भिंतीकडे वळली. "डक्टपाशी तुम्ही काय म्हणालात, शेखरशेठ? काकांना कंपनीत फोन लावा."

शेखरने मोबाइल खिशात ठेवला.

"मॅडम, माणूस गडबडीत बोलतो काहीतरी. पाळी चुकली म्हणून खून केला होय मी? मी देवळात होतो."

"साडेतीनपासून. त्याआधी तळमजल्यावर, एकटे. मागच्या जिन्याने गच्चीपर्यंत कुणी भेटत नाही. आणि ती किल्ली. दाराला लॅच आहे. दीक्षा किल्ली न घेता बाहेर पडली असती तर परत यायला वडिलांना उठवावं लागलं असतं. ते तिने कधीच केलं नसतं. म्हणजे किल्ली तिच्याजवळ होती. ती तुम्ही घेतलीत, दार उघडलंत, पियानो लावलात आणि किल्ली हुकाला अडकवून निघून गेलात. तुमच्या हिशेबात पाचनंतर मुलीने गच्चीवरून उडी मारलेली होती. आत बाप झोपलाय, तो अडकेल, हे तुमच्या ध्यानीमनी नव्हतं. अडकला, तेव्हा तुम्ही गप्प राहिलात."

"हे सगळे तर्क आहेत."

"बटणावर तुमचा अंगठा आहे. पिनेवर तुमची दोन बोटं. तुमच्या स्टुडिओतल्या माइकवरचे ठसे काल जुळवले. अहवाल साहेबांच्या हातात आहे."

वरिष्ठांनी न बोलता कागद पुढे केला. शेखरने तो घेतला नाही.

"शेखऱ्या," शालनबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "न्हाई म्हन की."

शेखर खाली बसला. मान गुडघ्यात घातली आणि तसाच फरशीकडे तोंड करून बोलू लागला.

"ढकललं नाही मी. म्हणजे, ढकलायचं म्हणून नाही ढकललं. कंपनीला कळवू नको एवढंच सांगायला आलो होतो. दारातच बोललो असतो. तीच म्हणाली, इथे नको, गच्चीवर चला. वर गेल्यावर म्हणाली, नाव माझंच लागेल. मी हात धरला, तिने झटकला. कठडा बुटका आहे तिथला." त्याने मान आणखी खाली घातली. "मला खरंच वाटलं घरात कुणी नाही."

ज्योतीराम त्याला घेऊन जिना उतरला. शालनबाई उंबऱ्यावर बसकण मारून राहिल्या. त्यांच्या मांडीवर त्यांचा फोन होता. देहूच्या लेकीचा कॉल येत होता आणि त्या तो उचलत नव्हत्या.

"ओव्हाळांच्या सुटकेचा अर्ज आजच करा," वरिष्ठ म्हणाले. आणि भीमराजांकडे न बघता ते निघून गेले.

---

भीमराज पियानोसमोरच्या स्टुलावर बसले होते.

"मॅडम," ते म्हणाले, "शेठ खाली मान घालून बोलला. मला न्हाई कळलं. ती वर कशाला गेली?"

हा प्रश्न येणार हे उत्कर्षाला ठाऊक होतं. खोटं बोलता आलं असतं. पण खटल्यात जबाब वाचला जाणार होता, आणि हा माणूस तो वाचणाऱ्याच्या ओठांवरून उचलणार होता.

ती त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुमची झोप मोडू नये म्हणून."

त्यांची नजर तिच्या ओठांवर तशीच राहिली, जणू अजून काही येईल.

"दारात बोलली असती, तर..." ते म्हणाले. मग त्यांनी खिळ्याला टांगलेल्या हेडफोनकडे बोट केलं. "लहान होती तवा पेटी वाजवायची अन् मी उठायचो. रागवायचो. मग तिला कानाला लावायचं ते आणून दिलं. पुढं पुढं कान गेले. प्रेसशॉपमधी सगळ्यांचेच जातात. कंपनीत दर वर्षी कानाची तपासनी असते. तपासनारी बाई बटन दाबती, तिचं बोट हललेलं दिसतं, की मी हात वर करतो. पास. कळलं असतं तर प्रेसवरनं काढलं असतं. घरी सांगितलं असतं तर पोरगी म्हनली असती, बाबा, कानाला मशीन लावा. मग सगळ्यांना दिसलं असतं. म्हनून न्हाई सांगितलं. तिला वाटायचं, बाप गाढ झोपतो. जपायची माझी झोप."

त्यांनी मधल्या एका पट्टीवर बोट ठेवलं.  

"वाजवायची कसं, ते मी कवा ऐकलंच न्हाई," भीमराज म्हणाले. "मघाशी लावलं व्हतं, ते लावा की."

सिद्धेशने उत्कर्षाकडे पाहिलं आणि बटण दाबलं. चाल सुरू झाली. वर चढली, थबकली, खाली उतरली. बाहेर शालनबाईंनी कानांवर हात दाबून धरले.

भीमराजांनी कान पियानोजवळ नेला. मान वाकडी करून, भुवया आवळून ते वाट बघत राहिले.

"सुरू झालं का?"

सिद्धेशने होकारार्थी मान डोलावली.

"जरा वाढवा ना आवाज."

सिद्धेशचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. बटण आधीच शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.